पदकाच्या कडेवरचा नंबर: लढाईला गेलेल्या पणजोबांचा शोध मोबाईलवरून कसा घ्यायचा?

चाकणच्या ज्या कारखान्यात मी क्वालिटीला आहे, तिथे एखादा पार्ट ग्राहकाकडून परत आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "बॅच नंबर काय?" नंबर मिळाला की तो पार्ट कोणत्या शिफ्टला, कोणत्या मशीनवर बनला ते दहा मिनिटांत कळतं. नंबर पुसला गेला असेल, तर मग नुसते अंदाज.

हाच धडा मला घरीही मिळाला. खेड तालुक्यातलं आमचं जुनं घर पाडायचं ठरलं, तेव्हा माळ्यावरून पत्र्याची एक ट्रंक खाली आली. आत घडी पडलेले काही कागद आणि एक काळं पडलेलं पदक. आजी म्हणाली, "मामंजींचं आहे ते. बसऱ्याच्या लढाईला गेले होते." मामंजी म्हणजे तिचे सासरे, माझे पणजोबा. एवढीच माहिती. त्या एका वाक्यावरून किती पुढे जाता येतं, ते टप्प्याटप्प्याने सांगतो.

१. आधी पदकाची कड बघा

पहिल्या महायुद्धाच्या चांदीच्या पदकावर एका बाजूला राजा पंचम जॉर्ज आणि दुसऱ्या बाजूला घोडेस्वार असतो. आपण तेवढंच बघतो. पण खरी माहिती असते ती पदकाच्या जाडीवर, म्हणजे कडेवर: नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैनिकांना मिळालेल्या चांदणीच्या आकाराच्या पदकांवरही मागच्या बाजूला नाव-नंबर ठोकलेला सापडतो.

एक विनंती: पदक चिंचेनं किंवा पितांबरीनं घासू नका. आधीच झिजलेली अक्षरं कायमची जातील. खोलीत अंधार करा, दुसऱ्या मोबाईलचा टॉर्च पदकाच्या अगदी बाजूने आडवा धरा आणि पदक थोडं थोडं फिरवत फोटो काढा. तिरप्या उजेडात अक्षरांच्या सावल्या पडतात आणि डोळ्यांना न दिसणारे आकडे फोटोत दिसतात.

आमच्या पदकावर पलटण निघाली ११० वी मराठा. पण नाव पणजोबांचं नव्हतं. मी ते मोठ्याने वाचलं. आजी थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "हे तर धाकट्याचं नाव. मामंजींच्या भावाचं. तो आलाच नाही."

आमच्या घरात या भावाचा फोटो नाही. सातबाऱ्यावर नाव नाही. त्याचा विषय कधी निघालाच नव्हता.

२. कागद नीट टिपा

हा विषय निघाल्यावर आजी बोलत होती, तेव्हा मी मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू केलं (अर्थात तिला विचारून). हे काम सगळ्यात आधी करा. कागद आणखी दहा वर्षं टिकतील, पण माणसांचं सांगता येत नाही.

कागदाची घडी जबरदस्तीने उलगडू नका आणि फाटक्या जागी सेलोटेप लावू नका. स्कॅनर असेल तर कागदासाठी ३०० आणि जुन्या फोटोसाठी ६०० डीपीआय ठेवा. मागची बाजूही टिपायची, तारखा आणि शिक्के बऱ्याचदा तिथेच असतात. नातेवाईकांना व्हॉट्सॲपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. नेहमीसारखा फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो आणि बारीक अक्षरं जातात.

ट्रंकेतला एक कागद पणजोबांचा डिस्चार्ज होता. गुगल लेन्सने त्यातला छापील इंग्रजी मजकूर बऱ्यापैकी वाचला, हाताने लिहिलेला भाग मला स्वतःच लावावा लागला. तुमच्या कागदांत मोडी असेल, तर मोडी वाचणारा माणूसच गाठा. पुण्यातलं भारत इतिहास संशोधक मंडळ ही विचारणा करायला चांगली जागा आहे. एआय चॅटबॉट वापरत असाल, तर त्याला 'दिसतं तेवढंच लिही' असं सांगा. 'हे कोणत्या लढाईत होते?' असं विचारलं की तो पुरावा नसतानाही छातीठोक उत्तर देऊ शकतो.

डिस्चार्जवरचा नंबर आणि पदकावरचा नंबर मी शेजारी लिहिले. दोन्ही पाठोपाठचे होते. म्हणजे दोघे भाऊ एकाच रांगेत, एकामागे एक उभे राहून भरती झाले असणार.

३. जे परत आले नाहीत, त्यांच्यासाठी

पिंपरीशेजारी खडकीला जे युद्धस्मशान आहे, त्याची देखभाल करणारी संस्था म्हणजे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन. दोन्ही महायुद्धांत मरण पावलेल्या सैनिकांची यादी तिच्या वेबसाईटवर मोफत शोधता येते.

आधी सरावासाठी नाईक यशवंत घाडगे यांचं नाव इंग्रजीत टाकून बघा. इटलीत १० जुलै १९४४ रोजी पडलेले आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले रायगडचे हे सैनिक. त्यांची नोंद कशी दिसते ते कळलं की आपला शोध सोपा जातो.

मग आपल्या माणसाकडे वळा. नावावरून शोधलं तर हमखास अडकाल, कारण साहेबाच्या कारकुनाने कानाला लागलं तसं स्पेलिंग लिहिलं. आडनाव कधी गाळलेलं, गावाचं नाव वेगळंच. म्हणून सर्व्हिस नंबर टाका आणि पलटण निवडा. पण नंबर प्रत्येक पलटणीचा वेगळा असायचा, तेव्हा नुसत्या नंबरवर विश्वास ठेवू नका. वडिलांचं नाव, गाव आणि तालुका जुळतो का ते बघा. जिल्हा शोधताना 'पुणे' नव्हे, जुनं 'पूना' टाकायचं.

नंबर टाकल्यावर धाकटे पणजोबा सापडले. मृत्यू १९१६. वडिलांचं नाव बरोबर, गावाचं नाव वाकडंतिकडं पण ओळखू येणारं. स्मारक: बसरा, इराक.

या स्मारकावर ४० हजारांहून अधिक जणांची नोंद आहे. पण साध्या भारतीय शिपायांची नावं दगडावर कोरली नाहीत, पलटणीगणिक फक्त किती मेले तो आकडा कोरला. अशी असमान वागणूक अनेकांना मिळाल्याचं कमिशनने २०२१ मध्ये मान्य करून माफी मागितली. म्हणजे ज्याचं नाव दगडावरही नाही, त्याचं नाव आमच्या ट्रंकेतल्या पदकावर शाबूत होतं.

४. जे परत आले, त्यांच्यासाठी

या यादीत फक्त मृतांची नावं असतात. परत आलेल्या माणसाचा माग त्याच्या पलटणीवरून काढावा लागतो. १९२२ मध्ये पलटणींचे नंबर बदलले, तिथे गोंधळ होतो. पाचव्या मराठा लाईट इन्फंट्रीत १०३ वी झाली पहिली बटालियन, १०५ वी दुसरी, ११० वी तिसरी, ११६ वी चौथी, ११७ वी पाचवी आणि ११४ वी झाली दहावी, म्हणजे प्रशिक्षण बटालियन.

११० वी मराठा ही सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये होती. ही डिव्हिजन कुत-अल-अमारा इथे ७ डिसेंबर १९१५ पासून वेढ्यात अडकली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने शरण गेली. सुमारे १३ हजार सैनिक कैदी झाले. धाकट्या पणजोबांच्या नोंदीतलं १९१६ हे साल इथे येऊन जुळतं.

पलटणींच्या हालचालींचे कागद शोधायला भारतीय राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' हे पोर्टल आहे. गावाकडचा पुरावा तहसीलच्या जुन्या फेरफारांत मिळतो: मयताचं नाव कमी करून वारस लावल्याची नोंद. पेन्शन चालू असलेल्या किंवा दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. जाताना नंबर आणि पलटण कागदावर लिहून न्या.

घर आता पडलं आहे. ट्रंक माझ्या मोशीच्या फ्लॅटमध्ये आहे. पदक न घासता, तसंच काळं ठेवलंय. सर्वपित्रीला आजीने या वेळी एक पान जास्त वाढायला लावलं आणि धाकट्याचं नाव घेतलं.

तुमचंही गावचं घर विकायला किंवा पाडायला निघालं असेल, तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी माळा एकदा स्वतः चढून बघा. तिथे नाव नाही सापडलं तरी चालेल, नंबर शोधा.