एका गाण्यातून दुसऱ्या गाण्याकडे

गाणं आवडत नाही असा माणूस विरळाच. पण आवडीचं गाणं म्हणजे कॉलेजच्या वयात कानावर पडलेली शे-दोनशे गाणी, असं बहुतेकांचं होऊन बसतं. मोबाइलवर आज जगभरातलं संगीत हाताशी आहे, तरी ऐकणं रुंदावत नाही. याचं एक कारण गाण्यांच्या ॲपमध्येच आहे. आपण जे ऐकलं त्याच्या जवळपासचंच ते पुढं करत राहतं. नवं काही हवं असेल तर शोधायचं नाव आपल्यालाच टाईप करावं लागतं, आणि ते नाव कुठून आणायचं इथंच गाडी अडते. माझ्या मते ते आपल्या आवडत्या गाण्यातच दडलेलं असतं.

वाजवतंय कोण?

'अलबेला' (1951) मधलं 'शोला जो भडके' घ्या. भगवानदादा आणि गीता बाली यांचा नाच सगळ्यांना आठवतो. आता पडद्याकडे न बघता ते गाणं पुन्हा लावा आणि गायकांना थोडं बाजूला ठेवून फक्त वाद्यांकडे कान द्या. खाली बोंगोचा ठेका चालू आहे, वर ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन. संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर. आणि याच चित्रपटात ताफ्यासह प्रत्यक्ष दिसणारा ट्रम्पेटवादक म्हणजे चिक चॉकलेट. मूळ नाव आंतोनियो झेवियर वाझ, गाव गोव्यातलं हळदोणे. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात त्याचा जॅझ बँड वाजत असे, आणि लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. हे नाव हाती आलं की खुद्द आर्मस्ट्राँगचं ट्रम्पेट ऐकावंसं वाटतं, आणि ऐकल्यावर ते परकं वाटत नाही. त्या वाद्याची ओळख चितळकरांनी आधीच करून दिलेली असते.

हाच धागा गोव्याकडेही नेता येतो. पोर्तुगीज अमलात तिथल्या चर्चच्या शाळांमधून मुलांना व्हायोलिन आणि पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवलं जाई. हिंदी सिनेमाला मोठा वाद्यवृंद हवा झाला तेव्हा कागदावर स्वर लिहू-वाचू शकणारे हे गोंयकार वादक मुंबईत तयारच होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतले एक. संगीतकार प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. 1977 च्या 'अमर अकबर अँथनी'मधल्या गाण्यात शिष्यानं गुरूचं नाव अमर करून ठेवलं. 1958 साली गोन्साल्विसांनी इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला, तो आपले राग वाद्यवृंदातून मांडण्यासाठी. अशा माणसांची नावं पडद्यावर क्वचितच झळकली, याची मला अजूनही रुखरुख वाटते.

गोव्याची गोष्ट निघाली आहे तर मांडो ऐकाच. संथ चालीचं, विरहानं भरलेलं हे कोंकणी गीत व्हायोलिन आणि घुमटाच्या साथीनं गातात, आणि त्यापाठोपाठ जलद लयीची दुलपदं येतात. घुमट म्हणजे एका तोंडाला कातडं ताणून बसवलेलं मातीचं भांडं. पूर्वी त्यासाठी घोरपडीचं कातडं वापरत. वन्यजीव कायद्यानं ते थांबलं आणि आता बकऱ्याचं लावतात. गंमत अशी, की ख्रिस्ती घरच्या मांडोला साथ करणारं हेच घुमट गोव्यात गणपतीच्या आरतीलाही घुमतं.

रागदारीत शिरताना

शास्त्रीय संगीताची अनेकांना धास्ती वाटते. इथंही ओळखीच्या गाण्यापासून निघावं. 'गुळाचा गणपती' (1953) मधलं 'इंद्रायणी काठी' आपल्याला पाठ असतं. शब्द गदिमांचे, चाल पु. ल. देशपांडे यांची, आवाज भीमसेन जोशींचा आणि राग भीमपलास. 'मेरा साया'तलं 'नैनों में बदरा छाए' हेही भीमपलासातलं. दोन्ही पाठोपाठ ऐकली की त्यांची चाल वेगळी असूनही नातं जाणवू लागतं. मग एखाद्या दुपारी भीमपलासाचा ख्याल लावावा. हा राग दुपारचाच. सकाळी तोडी, संध्याकाळी मारवा किंवा पूरिया धनाश्री, रात्री बागेश्री किंवा मालकंस अशी वेळ सांभाळली तर कुठला राग निवडावा हा प्रश्नही उरत नाही.

ख्याल ऐकताना सुरांची नावं ओळखता आली नाहीत तरी चालतं. सम, म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा, पकडायचा प्रयत्न मात्र जरूर करावा. विलंबित एकताल बारा मात्रांचा असतो आणि त्याचं एक आवर्तन सहज अर्ध्या मिनिटाहून लांबतं. त्यात तबल्यावर 'धागे तिरकिट' दोनदा येतं. दुसऱ्यांदा ऐकू आलं की दोन मात्रा मोजा. पुढचा 'धिं' ही सम. तिथंच बंदिशीचा मुखडा येऊन टेकतो. गायक आलापीत कितीही दूर गेलेला असो, तो या जागेवर कसा परततो हे एकदा कळलं की तासाभराचा ख्याल लांबलेला वाटत नाही. तोवर जुन्या तीन-साडेतीन मिनिटांच्या ध्वनिमुद्रिका ऐकाव्यात. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवीतली 'जात कहाँ हो' एवढीच आहे, आणि 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेल्या तबकडीत तिला जागा मिळाली.

रेडिओ आणि सक्ती

रेडिओवर पुढचं गाणं आपण निवडत नाही, हीच त्याची मोठी सोय. पण आकाशवाणीच्या इतिहासात याची दुसरी बाजूही आहे. 1952 मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी गृहस्थ नभोवाणी मंत्री झाले. लोकांनी शास्त्रीय संगीत ऐकावं ही त्यांची मनापासूनची इच्छा होती. त्याच वर्षी संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि सिनेसंगीत आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झालं. श्रोत्यांनी सिनेगाण्यांसाठी सरळ रेडिओ सिलोन लावलं. शेवटी सिनेगाण्यांना जागा देत 3 ऑक्टोबर 1957 ला आकाशवाणीची विविध भारती सुरू झाली. घरातल्या मुलांना आपल्या आवडीचं ऐकायला लावणाऱ्या आई-बाबांनी हे ध्यानात ठेवावं. उलट मुलांनी लावलेल्या रॅपमध्ये तालाचे तुकडे कसे बसवले आहेत हे त्यांनाच विचारावं. मुलं आनंदानं सांगतात.

समोर बसून

प्रत्यक्ष ऐकण्याची सर कशालाच नाही. त्यासाठी पुण्यातला डिसेंबरचा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव आहेच; भीमसेनजींनी 1953 साली तो गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केला. पण तितकंच मोलाचं संगीत आपल्या गल्लीत असतं. लग्नानंतर कुणाकडे गोंधळ असेल तर जेवून लगेच उठू नका. संबळ वाजवणाऱ्याच्या जवळ बसा. जोडीतल्या दोन नगांचा आवाज वेगळा असतो, एक काठी टोकाला वाकडी असते, आणि वरून तुणतुण्याचा एकच सूर अखंड चालू असतो. रात्र चढते तशी लय वाढत जाते, आख्यानातला विनोद आणि देवीची स्तुती एकमेकांत मिसळतात. एकादशीला भजनी मंडळात पखवाज ऐकावा, आंबेडकर जयंतीला भीमगीतं आणि शाहिरी. कार्यक्रम संपल्यावर वादकाकडे जाऊन त्यांना आवडणाऱ्या दोन वादकांची नावं विचारावीत आणि तिथल्या तिथं मोबाइलमध्ये लिहून घ्यावीत. दुसऱ्या दिवशी शोधायला तेवढी पुरतात.