घरातील भट्टी : दुरुस्तीचा खर्च आणि जमाखर्चाचा विवेक

विजयादशमीच्या दिवशी म्हैसूरच्या अंबाविलास राजवाड्यातून निघणारी जंबू सवारी सुमारे पाच किलोमीटरचा मार्ग चालून बन्नीमंटप येथे विसर्जित होते. ‘बन्नी’ म्हणजे शमी. महाराष्ट्रात त्या दिवशी आपट्याच्या पानांना जो मान, तोच म्हैसूर प्रांतात बन्नीला. आदल्या दिवशी, नवमीला, तेथे आयुधपूजा होते. राजवाड्यातील शस्त्रांपासून कारखान्यातील यंत्रांपर्यंत आणि घरच्या दुचाकीपासून स्वयंपाकघरातील विळीपर्यंत प्रत्येक साधनाला त्या दिवशी हळद-कुंकू वाहिले जाते. औद्योगिक वसाहत आणि निवासी वस्ती शेजारी शेजारी नांदत असलेल्या बन्नीमंटप परिसरात तर या पूजेला विशेष अर्थ आहे. मात्र घरातील एक साधन बहुधा पूजेवाचून राहते. ते म्हणजे स्नानगृहात उंचावर बसवलेला पाणी तापविण्याचा गीझर.

शीत कटिबंधातील देशांत संपूर्ण घर उबदार ठेवणारी भट्टी असते आणि तिची दुरुस्ती हा गृहखर्चातील मोठा विषय असतो. आपल्या उष्ण व दमट हवामानात अशा भट्टीचे प्रयोजन नाही. समुद्रसपाटीपासून सातशे मीटरहून अधिक उंचीवर असल्यामुळे म्हैसूरची हवा किनारपट्टीपेक्षा सौम्य आहे. तरीही जानेवारीच्या पहाटे पारा सोळा-सतरा अंशांच्या आसपास उतरतो, तेव्हा गरज भासते ती केवळ स्नानाच्या ऊन पाण्याची. पूर्वी हे काम कर्नाटकात चुलीवरील तांब्याचा हंडा आणि महाराष्ट्रात बंब करीत असे. आज ते विजेचा गीझर, गॅस गीझर किंवा गच्चीवरील सौर जलतापक करतो. आपल्या घरातील ‘भट्टी’ ती हीच.

बिघाड कशाने होतो?

पंचवीस लिटर पाणी २२ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापविण्यास सुमारे १.१ युनिट वीज लागते. दोन किलोवॉटच्या गीझरला त्यासाठी अर्ध्या तासाहून थोडा अधिक वेळ लागतो. नेहमीपेक्षा बराच अधिक वेळ लागू लागला, तर यंत्रात काही बिघडले आहे, असे समजावे.

बिघाडाचे प्रमुख कारण पाण्यातच असते. विंधन विहिरीचे पाणी नदीच्या पाण्यापेक्षा सहसा अधिक जड असते. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकानुसार एकूण कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा प्रतिलिटर २०० मिलिग्रॅम, तर अन्य स्रोत नसल्यास अनुज्ञेय मर्यादा ६०० मिलिग्रॅम आहे. असे पाणी तापले की त्यातील विरघळलेले क्षार घनरूप होऊन एलिमेंटवर पांढरा थर धरतात. हा थर उष्णतेचा मंदवाहक असल्याने एलिमेंटची उष्णता पाण्यात सहज उतरत नाही. ते आतल्या आत अतितप्त होते आणि अखेर जळते. सौर जलतापकात आणि गॅस गीझरमध्ये याच थरामुळे नळ्या अरुंद होतात व इंधनाची किंवा उन्हाची उष्णता वाया जाते.

दुसरे कारण हवेतील आर्द्रता. स्नानगृहातील वाफेने विद्युत जोडाची टोके गंजतात आणि सैल जोड तापून जळतो. टाकी गंजू नये म्हणून बहुतेक गीझरमध्ये मॅग्नेशियमची एक कांडी बसविलेली असते. टाकीऐवजी ती स्वतः झिजते. ती संपली आणि बदलली गेली नाही, तर पुढचा घास टाकीचाच. साध्या कांडीच्या खर्चात जे टळले असते, त्यासाठी मग संपूर्ण यंत्राची किंमत मोजावी लागते.

दुरुस्ती की नवी खरेदी?

वाणिज्यशास्त्रात महसुली खर्च आणि भांडवली खर्च असा भेद केला जातो. वस्तू चालू स्थितीत ठेवणारा खर्च महसुली. दीर्घकाळ उपयोग देणारा खर्च भांडवली. थर्मोस्टॅट, वॉशर, कांडी, एलिमेंट यांची बदली आणि क्षार काढणे हा पहिल्या प्रकारचा खर्च होय. टाकीच गळू लागली, तर मात्र डागडुजीचा मोह टाळणे इष्ट.

मधल्या परिस्थितीत एक साधे गणित उपयोगी पडते. दुरुस्तीच्या खर्चाला, त्यामुळे वाढणाऱ्या आयुष्याच्या वर्षांनी भागावे. समजा, नवा गीझर ९,६०० रुपयांचा असून तो आठ वर्षे चालेल. म्हणजे वर्षाला १,२०० रुपये. जुन्याच्या दुरुस्तीस २,४०० रुपये लागणार असून तो आणखी दोन वर्षे चालेल, तर वार्षिक खर्च तितकाच येतो. तो एकच वर्ष चालणार असेल, तर दुरुस्ती दुप्पट महाग ठरते. ६०० रुपयांच्या थर्मोस्टॅटने दोन वर्षे निभावत असतील, तर दुरुस्तीच शहाणपणाची. या हिशेबात मागे झालेला खर्च धरू नये. ‘इतके पैसे घातले आहेत, आता आणखी थोडे घालू’ या विचाराने बुडीत खर्च वसूल होत नाही. तो केवळ वाढतो.

दोन्ही पारडी समान असतील, तर विजेचे देयक निर्णायक ठरावे. ऊर्जा दक्षता ब्युरोचे तारांकन पाहून घेतलेल्या गीझरमध्ये तापलेले पाणी अधिक काळ गरम राहते. खरेदीच्या वेळी टाकीची हमी आणि अन्य भागांची हमी किती वर्षांची, हे स्वतंत्रपणे तपासावे. त्या बहुधा वेगवेगळ्या असतात.

येथे काटकसर नको

काही खर्च जमाखर्चाच्या पलीकडचे असतात. गॅस गीझर बंद स्नानगृहात बसविणे जिवावर बेतू शकते. प्राणवायू अपुरा पडला की ज्वलन अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, गंध नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पटींनी घट्ट जोडला जातो. स्नान करणाऱ्यास केवळ गुंगी आल्यासारखे वाटते आणि दाराची कडी काढण्याचेही त्राण उरत नाही. म्हणून गॅस गीझर स्नानगृहाबाहेर, मोकळ्या हवेत बसविणे आणि ज्योत निळ्याऐवजी पिवळी दिसू लागताच तो बंद करून तंत्रज्ञास बोलावणे अत्यावश्यक आहे.

विजेच्या गीझरला योग्य अर्थिंग आणि ३० मिलीॲम्पिअर क्षमतेचे गळतीरोधक स्विच असावे. टाकीतील दाब मोकळा करणारा सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकतो म्हणून तो कायमचा बंद करून टाकण्याची प्रथा काही घरांत आढळते. तो व्हॉल्व्ह बंद करणे म्हणजे बंद टाकीतील वाफेच्या दाबाला वाटच न ठेवणे होय. तो बदलावा, बुजवू नये.

घराचा घसारा निधी

कारखानदार यंत्राच्या किमतीचा काही भाग दरवर्षी घसारा म्हणून बाजूला काढतो. घरातील यंत्रेही झिजतात. परंतु घरच्या वहीत घसाऱ्याचे पान नसते. त्यामुळे बिघाड होताच तो ‘अचानक आलेला खर्च’ ठरतो आणि महिन्याचे अंदाजपत्रक कोलमडते. वस्तुतः त्यात अचानक असे काही नसते. आठ वर्षांनी येणारा खर्च आठ वर्षे आधीच ठाऊक असतो.

वरच्याच उदाहरणातील ९,६०० रुपये ९६ महिन्यांत विभागले, तर महिन्याला केवळ १०० रुपये होतात. किरकोळ दुरुस्तीसाठी त्यात ५० रुपये मिळविले, तरी दीडशे रुपयांची आवर्ती ठेव एका गीझरची संपूर्ण काळजी वाहू शकते. मिळणारे व्याज भाववाढीचा काही भार उचलते. याच रीतीने शीतकपाट, धुलाई यंत्र, पाण्याचा पंप यांची एक यादी करून प्रत्येकाचे खरेदीचे वर्ष, हमीची मुदत आणि शेवटच्या देखभालीची तारीख तिच्यात नोंदवावी. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या कुटुंबांना अशी नोंद विशेष आधाराची ठरते.

या कामासाठी वेगळा मुहूर्त शोधण्याचीही आवश्यकता नाही. आयुधपूजेच्या आधीच्या आठवड्यात तंत्रज्ञाकडून क्षार काढून घ्यावेत, कांडी पाहावी, जोड तपासावेत, सौर जलतापकाच्या काचा पुसून घ्याव्यात. हिवाळा तोंडावर असताना यंत्र सज्ज होते आणि थंडीच्या पहिल्या पहाटे तंत्रज्ञाची मनधरणी करावी लागत नाही. पुढे नवमीला त्या यंत्रावर वाहिलेल्या फुलाला केवळ श्रद्धेचे नव्हे, तर केलेल्या निगराणीचेही अधिष्ठान लाभते.