खेकडे निर्दोष आहेत

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये कुठल्याही कार्यालयाबाहेरच्या टपरीवर थोडा वेळ उभं राहिलं, की खेकड्यांची गोष्ट कानावर पडतेच. नुकताच लागलेला कारकून कुरकुरत असतो, की शेजारच्या टेबलावरचे भाऊ बिल कसं टाकायचं ते धड सांगतच नाहीत. मग जुनाजाणता कुणीतरी निकाल देतो: ‘मराठी माणूस म्हणजे खेकडा रे बाप्पा, त्याच्या बरणीला झाकण लागतच नाही; एक वर चढला की बाकीचे त्याचा पाय ओढतात.’ चहा संपतो आणि चौकशीही तिथेच संपते.

वैताग येतो तो या चौकशी संपण्याचा. हीच गोष्ट फिलिपिन्समध्ये फिलिपिनो लोक स्वतःबद्दल सांगतात. ‘क्रॅब मेंटॅलिटी’ हा तिथल्या रोजच्या बोलण्यातला शब्द आहे. खास आपला म्हणून मिरवलेला दुर्गुण मनिलातही सापडत असेल, तर तो रक्तात शोधण्यात काय हशील? बिचारा खेकडाही मत्सरापोटी कुणाचा पाय ओढत नाही. बाहेर पडण्याच्या धडपडीत नांगीला जे लागेल ते तो धरतो, एवढंच.

‘लोक स्वभावानेच माहिती दाबून ठेवतात’ या समजुतीत पहिली गफलत अशी, की जे सांगितलं गेलं नाही ते सगळं लपवलेलं असतं, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. गॅब्रिएल झुलान्स्की या व्यवस्थापनतज्ज्ञाने १९९६ मध्ये नेमकं हेच तपासलं. एका विभागातली चांगली कार्यपद्धत दुसऱ्या विभागात का रुजत नाही, हे त्याने ८ कंपन्यांमधल्या अशा १२२ प्रयत्नांवरून पाहिलं. लोकांना सांगायची इच्छाच नसते, हे नेहमीचं कारण फारसं टिकलं नाही. मोठे अडथळे तीन निघाले. घेणाऱ्याची ते पचवण्याची तयारी नसते. आपलं काम नेमकं कशामुळे जमतं हे जाणकारालाही उलगडून सांगता येत नाही. आणि दोघांमधले संबंध अवघडलेले असतात.

यातला दुसरा अडथळा रेल्वेला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात इटारसीच्या वाटेवर धाराखोह–मरामझिरी हा तीव्र उताराचा घाट लागतो. तिथे ब्रेक कधी आणि किती लावायचा, कुठल्या वळणानंतर सिग्नल दिसतो, हे नुसतं पुस्तक वाचून हातात उतरत नाही. म्हणून नव्या मार्गावर स्वतः गाडी नेण्याआधी लोको पायलटला ‘एलआर’ करावा लागतो. एलआर म्हणजे लर्निंग रोड. मार्ग माहीत असलेल्या चालकाबरोबर इंजिनात बसून फेऱ्या मारायच्या, त्यात रात्रीचीही फेरी करायची आणि मार्ग कळला अशी सही द्यायची. शिकवणारा चालक मोठा उदार असतो म्हणून हे घडत नाही. शिकण्याचा वेळ ड्युटीत धरलेला असतो, म्हणून घडतं. कोळसा खाणींतही तसंच. नागपुरात मुख्यालय असलेल्या वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्स) खाणीत माइनिंग सरदाराला पाळी संपताना तपासणीचा अहवाल वहीत लिहून सही करावी लागते. पुढच्या पाळीचा सरदार मित्र आहे की वैरी, हा प्रश्न तिथे उद्भवत नाही.

आता कार्यालयातली ‘चार्ज’ देण्याची पद्धत बघा. महाराष्ट्राच्या २००५ च्या बदल्यांच्या कायद्याने अधिकाऱ्याचा एका पदावरचा सर्वसाधारण काळ ३ वर्षांचा ठरवला आणि बदल्या शक्यतो एप्रिल-मे महिन्यांत करायच्या असं सांगितलं. म्हणजे कोण कधी जाणार याचा अंदाज आधीपासून असतो. तरीही चार्जच्या यादीत कपाटाच्या किल्ल्या, कॅशबुक आणि डेडस्टॉक रजिस्टर येतं. अमुक फाइल दोन वर्षं का अडली आहे, हे येत नाही. ते सांगायला ना रकाना असतो ना वेळ. जाणाऱ्याला खेकडा ठरवायचं असेल, तर आधी तो फॉर्म कुणी छापला ते विचारायला हवं.

अर्थात खरोखर लपवणारेही असतात. २०१२ मध्ये कॅथरीन कॉनेली आणि तिच्या सहकाऱ्यांनी कॅनडात लपवण्याचे तीन प्रकार नोंदवले, आणि तिन्ही नागपुरात बिनचूक ओळखू येतात. पहिला, ‘बघतो, उद्या या’. दुसरा, ‘मला काय माहीत?’, तिसरा, ‘साहेबांनी सांगू नका म्हटलंय’. तिसऱ्यात खोटेपणा असेलच असं नाही. पण याच अभ्यासात लपवण्यामागे ठळकपणे दिसला तो विचारणाऱ्यावरचा अविश्वास. तोच माणूस एकाला टोलवतो आणि दुसऱ्याला शेजारी बसवून शिकवतो. स्वभाव काही टेबलागणिक बदलत नाही.

त्यात ओझ्याची भर पडते. राज्य सरकारच्या ‘सेवार्थ’ या संगणक प्रणालीवर पगारबिल करणं कार्यालयात एकालाच जमत असेल, तर महिनाअखेरीस सगळ्यांची रांग त्याच्याच टेबलाशी लागते. त्याचं स्वतःचं काम तुंबतं आणि शिकवल्याची नोंद कुठेच होत नाही. मॅरिलेन गान्ये आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि चीनमधल्या कर्मचाऱ्यांच्या अभ्यासात हेच मांडलं: इतर लोक आपल्यावर फार अवलंबून आहेत असं वाटलं, की माणसाला दडपण येतं आणि तो हात आखडता घेतो. काम विचार करायला लावणारं असेल आणि ते आपल्या पद्धतीने करायची मोकळीक असेल, तर तो आपणहून सांगतो.

‘नोकरी जाईल या भीतीनेच लपवतात’ हेही अर्धसत्यच. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मिशेल क्रोझिए याने १९६३ च्या ग्रंथात फ्रान्समधल्या सरकारी तंबाखू कारखान्यांचं वर्णन केलं आहे. नोकऱ्या पक्क्या होत्या. तरी यंत्रं दुरुस्त करणारे कामगार आपलं कसब लिहून ठेवू देत नसत. दुरुस्तीच्या सूचनापुस्तिका कारखान्यातून नाहीशा झालेल्या असत. कारण त्या आखीवरेखीव कारखान्यात कधी काय बिघडेल हे एवढंच अनिश्चित होतं, आणि ते यांच्या हातात होतं. बाकी सगळ्यांना त्यांच्याशी गोडीत राहावं लागे. पेन्शन पक्की असलेल्या आपल्या भाऊंचं कोडं इथे बरंचसं सुटतं: त्यांना नोकरी नव्हे, वट सांभाळायची असते.

राहिले किरकोळ गैरसमज. ‘बक्षीस लावा, लोक भडाभडा सांगतील’: २००५ मध्ये कोरियातल्या २७ संस्थांच्या अभ्यासात उलट दिसलं; बक्षिसाची अपेक्षा जितकी जास्त, तितकं सांगण्याबद्दलचं मत प्रतिकूल. ‘सॉफ्टवेअर आणलं की प्रश्न मिटला’: रिकाम्या रकान्यांचं सॉफ्टवेअर हे रिकामं रजिस्टरच. ‘लपवणाऱ्याचं काही बिघडत नाही’: मातेय चेर्ने आणि सहकाऱ्यांच्या २०१४ च्या संशोधनात लपवणाऱ्याचीच नवं सुचण्याची क्षमता घसरलेली आढळली, कारण मग इतरही त्याला काही सांगेनासे होतात. ‘हल्लीच्या पोरांना शिकायचंच नाही’: हे हल्लीची पोरं म्हातारी झाल्यावर त्यांच्याही तोंडी येईल.

आणि ‘सरकारी कामाची पद्धत बाहेर सांगणं म्हणजे नियमभंग’: माहिती अधिकार कायदा, २००५, कलम ४ वाचावं. अधिकाऱ्यांची कर्तव्यं आणि निर्णय घेण्याची कार्यपद्धती यांसह १७ बाबी कुणी न मागताच प्रसिद्ध करायच्या आहेत, आणि त्यासाठी कायद्याने १२० दिवसांची मुदत दिली होती. जी पद्धत जनतेला सांगणं बंधनकारक आहे, ती शेजारच्या टेबलावरच्या नव्या कारकुनाला सांगायला कुणाची परवानगी लागते, हे त्या टपरीवर अजून कुणी विचारलेलं नाही.