ध्वनिमुद्रित लोकगीत अस्सल कधी ठरते? माळव्यातील श्रोत्यांची तीन उत्तरे

लोकसंगीताचा नवा अल्बम प्रसिद्ध झाला की त्यावर दोन प्रकारची मते हमखास ऐकू येतात. एक श्रोता म्हणतो, मातीचा गंध जसाच्या तसा उतरला आहे. दुसरा म्हणतो, चाल बिघडवली, शहरी वाद्यांनी गाण्याचा जीव घेतला. गोव्यात घुमटाच्या जोडीला की-बोर्ड आला किंवा धालोच्या गीतांना वाद्यवृंदाची साथ मिळाली, तेव्हाही हाच वाद रंगतो. वरवर पाहता हा रुचीचा प्रश्न वाटतो. प्रत्यक्षात प्रत्येक मतामागे ते गाणे पूर्वी कुठे, कोणाबरोबर आणि कशासाठी ऐकले, याचा अनुभव उभा असतो. हे समजून घेण्यासाठी पश्चिम मध्य प्रदेशातील धार आणि देवास या जिल्ह्यांकडे पाहणे उपयोगाचे ठरते. कधीकाळी पवार घराण्याच्या मराठी संस्थानांचा असलेला हा मुलूख. तेथील लोकगीतांना गेल्या पाऊणशे वर्षांत तीन वेगळ्या प्रकारचे श्रोते लाभले आणि तिघांचे निकषही वेगळे राहिले.

बाग : गाणे प्रसंगाचे

धार जिल्ह्यातील बाग हे गाव बौद्ध लेण्यांसाठी आणि ठशांच्या कापडासाठी ओळखले जाते. पाचव्या-सहाव्या शतकातील या लेण्यांपैकी चौथ्या लेण्याजवळच्या भित्तिचित्रांत नर्तकाभोवती फेर धरलेल्या स्त्रिया दिसतात. कोणाच्या हाती टिपऱ्या, कोणाकडे टाळ, कोणाच्या गळ्यात तालवाद्य. १९२१ मध्ये ग्वाल्हेर संस्थानच्या निमंत्रणावरून नंदलाल बोस, असितकुमार हळदार प्रभृती चित्रकारांनी या चित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्यामुळेच पुढे पुसट झालेल्या भागांची कल्पना आज येते. चित्रात आवाज नाही, तरी एक गोष्ट स्पष्ट आहे. वाजवणारे आणि नाचणारे एकाच वर्तुळात आहेत. बाजूला बसून ऐकणारा वेगळा श्रोता त्या वर्तुळात नाही.

बागच्या परिसरातील भिल, भिलाला समाजाचे संगीत आजही बऱ्याच अंशी याच रीतीचे आहे. होळीपूर्वीच्या आठवड्यात धार, झाबुआ, अलिराजपूर, बडवानी या पट्ट्यात भगोरियाचे बाजार भरतात. ढोल, मांदळ, काशाची थाळी आणि बासरी यांच्या नादावर गावोगावचे गट नाचत येतात. येथे गाण्याची लांबी ठरलेली नसते. पाय थकेपर्यंत तीच ओळ, तोच ठेका चालतो. अशा गाण्याचे पाच मिनिटांचे ध्वनिमुद्रण दूरच्या श्रोत्याला एकसुरी वाटते आणि तो आपल्या परीने खरेच सांगत असतो. कारण आवर्तनाचे काम नाचणाऱ्याच्या अंगात होते. खुर्चीवर बसलेल्याच्या कानात ते होत नाही. येथील जाणत्या श्रोत्याचा पहिला निकष चालीचा नसतो. या ठेक्यावर पाय उचलतो का, आणि हे गाणे या वेळचे आहे का, हे तो पाहतो. होळीचे गाणे आणि लग्नाचे गाणे यांत सरमिसळ झालेली त्याला खटकते, मग ध्वनिमुद्रण कितीही स्वच्छ असो.

म्हणूनच येथील सध्याचा वाद ध्यानात घेण्यासारखा आहे. गुजरात, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्या सीमेवरील भिली पट्ट्यात की-बोर्डवर बेतलेली टिमली नृत्यगीते तरुणांत अफाट लोकप्रिय आहेत. दुसरीकडे याच पट्ट्यातील समाजसुधारणेच्या मोहिमेने दारू आणि हुंड्याच्या बरोबरीने लग्नातील डीजेलाही विरोध केला आहे. लग्नावरील खर्चाचा बोजा हे त्याचे एक मोठे कारण. ढोल-मांदळ वाजवणारी माणसे गावातली, नात्यातली असतात. डीजे भाड्याने आणावा लागतो. तरीही टिमलीच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. तिच्यावर पाय उचलतो आणि ती गाणारा, ऐकणारा, नाचणारा तरुण आपल्याच बोलीत राहतो. बागच्या निकषावर ती अर्धी उतरते, अर्धी उतरत नाही.

देवास : गाणे स्वरांचे

दुसरा श्रोता आजारपणामुळे घडला. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ मध्ये जन्मलेले शिवपुत्र कोमकली, म्हणजेच कुमार गंधर्व, मुंबईत बी. आर. देवधरांकडे शिकले. मूळच्या गोव्यातील मालपे येथील ज्येष्ठ गायिका अंजनीबाई मालपेकर यांचे मार्गदर्शनही त्यांना मिळाले. क्षयाने ग्रासल्यावर कोरड्या हवेसाठी ते १९४८ च्या जानेवारीत देवासला आले. पुढील सुमारे पाच वर्षे त्यांना गाण्याची मनाई होती. या काळात त्यांच्या कानी पडत राहिली ती माळव्यातील बायकांची गाणी, फिरस्त्या जोग्यांची पदे आणि ऋतूंप्रमाणे बदलणाऱ्या धुना. ज्याला गाता येत नव्हते, त्याने केवळ ऐकले, आणि जे ऐकले ते स्वरलिपीत टिपून ठेवले.

या श्रवणातून त्यांनी मांडलेला विचार साधा होता आणि खळबळजनकही. लोकधून बहुधा चार-पाच स्वरांत फिरते, पण त्या स्वरांचे परस्परांशी असलेले नाते पक्के असते. ते नाते ओळखले की त्यात एखाद्या रागाचे बीज सापडते. राग आधी आणि लोकगीत त्याचे अपभ्रष्ट रूप, ही समजूत त्यांनी उलटी केली. लोकधुनांतून सिद्ध केलेल्या अशा रागांना त्यांनी धुनउगम राग म्हटले आणि १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अनूपरागविलास’मध्ये त्यांना स्थान दिले. माळवी लोकगीतांचे आणि ‘गीतवर्षा’सारखे ऋतुगीतांचे कार्यक्रमही त्यांनी रंगमंचावर आणले.

त्यावर श्रोत्यांची मते दुभंगली. घराण्याच्या शिस्तीत वाढलेल्या काहींना रागसंगीताच्या मैफलीत गावची गाणी येणे रुचले नाही. इतरांना आपले परिचित राग कुठून आले असतील, याचा जणू नव्याने उलगडा झाला. मात्र या दोन्ही गटांचा निकष एकच होता, स्वराचा. संजाच्या गाण्याचे उदाहरण घ्यावे. पितृपक्षात माळव्यातील मुली भिंतीवर शेणाने संजा रेखतात आणि तिच्यासमोर गाणी म्हणतात. आपल्याकडील भोंडल्याशी या प्रथेचे नाते लगेच जाणवते. मुलींच्या दृष्टीने त्या गाण्यात खेळ, सासर-माहेर आणि मैत्रिणी असतात. मैफलीतील श्रोत्याच्या दृष्टीने त्यात एक सुरेख स्वरवाक्य असते. ध्वनिमुद्रिकेवर दुसरे पोहोचते, पहिले मागे राहते. यात कोणाची लबाडी नाही. मात्र काय मागे राहिले, याची जाण असली पाहिजे.

कॅसेट : गाणे अर्थाचे

तिसरा श्रोता निर्गुणी भजनांचा. देवासमधील शीलनाथ महाराजांच्या धुनीशी निगडित परंपरेतून कुमार गंधर्वांनी कबीर, गोरख यांची पदे घेतली आणि त्यांच्या ध्वनिमुद्रिका मराठी घराघरांत पोहोचल्या. त्याच परिसरातील खेड्यांत मात्र हीच वाणी पिढ्यान्‌पिढ्या तंबुऱ्यावर गायली जात होती. गाणाऱ्यांत दलित समाजातील कष्टकऱ्यांचा मोठा वाटा होता आणि रात्रभर चालणाऱ्या बैठकीत पदाइतकेच महत्त्व पदाच्या अर्थाला होते.

१९८० च्या दशकात स्वस्त कॅसेटचा प्रसार झाला आणि ग्रामोफोन कंपन्यांची मक्तेदारी ढिली पडली. अमेरिकी अभ्यासक पीटर मॅन्युएल यांनी १९९३ मधील आपल्या ग्रंथात उत्तर भारतातील या स्थित्यंतराचा सविस्तर वेध घेतला आहे. प्रादेशिक बोलीतील संगीत मोठ्या प्रमाणावर बाजारात आले ते याच काळात. तांत्रिक मर्यादाही सैल झाल्या. जुनी तबकडी एका बाजूस सुमारे साडेतीन मिनिटे वाजे, दीर्घ तबकडी वीस-पंचवीस, तर साठ मिनिटांची कॅसेट प्रत्येक बाजूस तीस. त्यामुळे पदाआधीची साखी आणि मधले निरूपणही टिकू शकले. उज्जैन जिल्ह्यातील लुनियाखेडीचे शिक्षक प्रह्लादसिंह टिपानिया यांचा आवाज माळव्याबाहेर गेला, तो अशाच ध्वनिफितींतून. त्यांना २०११ मध्ये, देवास जिल्ह्यातील कालूराम बामनिया यांना २०२४ मध्ये आणि महू भागातील भेरूसिंह चौहान यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली.

श्रोत्यांच्या मतांना रीतसर व्यासपीठ मिळाल्याचे एक दुर्मीळ उदाहरणही देवासचेच आहे. एकलव्य या शिक्षणक्षेत्रातील संस्थेने १९९० च्या दशकात तेथे ‘कबीर भजन एवं विचार मंच’ चालवला. गावोगावच्या मंडळी महिन्यातून एकदा जमत, गात आणि मग गायलेल्या पदांवर चर्चा करीत. जातिभेदावर प्रहार करणारे पद गाऊन घरी परतल्यावर आपण कसे वागतो, गुरूच्या नावाने चालणारे कर्मकांड कबीराला मान्य झाले असते का, असे प्रश्न तेथे निघत. अमेरिकी अभ्यासक लिंडा हेस यांच्या २०१५ मधील ग्रंथात आणि शबनम वीरमणी यांच्या कबीरविषयक चित्रपटांत या जगाची ओळख होते. येथील श्रोत्याचा निकष आगळाच. आवाज गोड आहे का, हा त्याच्या लेखी दुय्यम प्रश्न. शब्द जागच्या जागी आहे का आणि गाणारा तो जगतो का, हा मुख्य प्रश्न. टिपानियांच्या साथीला तंबुरा-ढोलकीबरोबर व्हायोलिन आणि हार्मोनियम असते. ही वाद्ये परंपरेत तुलनेने नवी असूनही भजनी श्रोत्यांनी ती स्वीकारली, कारण त्यांनी शब्द झाकला नाही.

मत देताना काय पाहावे?

या तीन निकषांवरून एक गोष्ट ध्यानात येते. विजेविना वाजणारे वाद्य म्हणजे अस्सल आणि विजेवरचे वाद्य म्हणजे भ्रष्ट, ही विभागणी पुरेशी नाही. गोव्यातील घुमटाचेच पाहावे. घोरपडीच्या कातड्याचा वापर वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे थांबवावा लागला आणि बकऱ्याचे कातडे आले. नादात फरक पडला, अशी तक्रार जुनेजाणते करतात. तरीही त्या घुमटाला कोणी परके म्हणत नाही आणि २०१९ मध्ये राज्याने त्याला वारसा वाद्याचा दर्जाही दिला. साधन बदलूनही गाण्याचे कार्य टिकू शकते. उलट साधन तेच राहून कार्य हरवू शकते.

तेव्हा लोकसंगीताच्या ध्वनिमुद्रणावर मत देताना काही प्रश्न विचारावेत. हे गाणे मुळात नाचाचे, कामाचे, विधीचे की चिंतनाचे? ध्वनिमुद्रणात त्यातील काय वगळले गेले? ज्यांच्याकडून ते आले, त्यांनी ते ऐकले तर त्यांना ओळखू येईल का? आणि वेष्टनावर नाव कोणाचे आहे?

शेवटचा प्रश्न सर्वांत व्यवहारी आहे. ‘पारंपरिक’ असा शिक्का बसला की गाण्याचा कर्ता अज्ञात ठरतो, तर ध्वनिमुद्रणाचा हक्क निर्मात्याकडे साठ वर्षे राहतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने सादरकर्त्यांचे हक्क समाविष्ट झाले आणि आज ते पन्नास वर्षे टिकतात. मात्र मांदळ वाजवणाऱ्याशी किंवा संजा गाणाऱ्या बाईशी लेखी करारच झाला नसेल, तर हा हक्क बजावणे तिला अवघड जाते.

ध्वनिमुद्रण एकदा लोकप्रिय झाले की त्यातील चाल प्रमाण मानली जाते आणि शेजारच्या गावातील वेगळी चाल चुकीची ठरू लागते. पुढच्या पिढीतील मुलगी आजीऐवजी भ्रमणध्वनीवरून गाणे शिकते, तेव्हा हा बदल पक्का होतो. तो टाळण्याचा एक मार्ग श्रोत्यांच्याच हाती आहे. आवडलेल्या अल्बममधील एखादे गाणे आपल्या गावात, आपल्या घरात कसे म्हणत असत, हे वडीलधाऱ्यांना विचारावे आणि तेही जपून ठेवावे. माळव्यात पलंगाला खिळलेल्या एका गायकाने सुरुवातीला एवढेच केले होते.