आजीवन शारीरिक क्रियाशीलता प्रश्नावली

आजीवन शारीरिक क्रियाशीलता प्रश्नावली : व्यवसाय, घरकाम आणि खेळ वा व्यायाम यांच्या निमित्ताने व्यक्तीने आयुष्यभरात किती व कोणत्या तीव्रतेचे श्रम केले, याची नोंद घेणारी प्रश्नावली. कर्करोग, हृद्‌विकार, मधुमेह यांसारखे रोग दीर्घ काळात उद्‌भवतात. त्यांच्या कारणांचा शोध घेताना केवळ चालू आठवड्यातील हालचालींची नोंद अपुरी पडते, म्हणून अशा प्रश्नावल्या तयार करण्यात आल्या. त्यांतील नोंदींच्या विश्लेषणासाठी मुक्त स्रोत संगणक आज्ञावल्या वापरता येतात.

स्वरूप : अमेरिकेत अँड्रिया क्रिस्का व सहकारी यांनी फावल्या वेळातील क्रियाशीलतेचा पूर्वेतिहास नोंदविणारी पद्धत १९८८ मध्ये प्रसिद्ध केली. कॅनडात क्रिस्टिन फ्रीडेनराइक व सहकारी यांच्या १९९८ मधील प्रश्नावलीत व्यवसाय, घरकाम आणि व्यायाम या तिन्ही क्षेत्रांचा समावेश होता. मुलाखतीत प्रथम शिक्षण, नोकरी, विवाह, स्थलांतर अशा ठळक घटनांची कालपत्रिका भरून घेतात. तिच्या आधारे स्मरणास मदत होते. त्यानंतर प्रत्येक कामाचा आरंभ व शेवट, वर्षातील महिने, आठवड्यातील दिवस, दिवसातील तास आणि श्रमाची तीव्रता नोंदविली जाते.

गणन : तीव्रता ‘मेट’ या एककात मांडतात. स्वस्थ बसलेल्या व्यक्तीचा ऊर्जाव्यय म्हणजे १ मेट होय (दर किग्रॅ. वजनामागे मिनिटाला सु. ३·५ मिलि. ऑक्सिजन). विविध कामांच्या मेट-मूल्यांचे संकलन बार्बरा एन्सवर्थ व सहकारी यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच्या सुधारित आवृत्त्या २०००, २०११ व २०२४ मध्ये निघाल्या. कामाचे तास आणि मेट-मूल्य यांच्या गुणाकारांची बेरीज म्हणजे आजीवन क्रियाशीलता होय.

पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यात या गणनाचे महत्त्व विशेष जाणवते. पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स कारखाना १९५४ मध्ये स्थापन झाला. १९६२ नंतर महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतींमुळे येथे यंत्रोद्योग व वाहनउद्योग वाढले. कांद्याच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेल्या चाकणच्या परिसरातही पुढे मोटारींचे कारखाने आले. त्यामुळे शेतीत वाढलेला, नंतर यंत्रावर उभा राहिलेला आणि अखेर देखरेखीच्या जागी बसलेला कामगार येथे आढळतो. रीत स्पष्ट करण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेता येईल. वयाच्या १८ पासून ६ वर्षे शेती (वर्षाला ४० आठवडे, आठवड्याला ४२ तास, ५ मेट), पुढे २० वर्षे यंत्रशाळा (४८ आठवडे, ४८ तास, ३ मेट) आणि १४ वर्षे देखरेख (४८ आठवडे, ४८ तास, २ मेट) अशी नोंद असल्यास एकूण २,५३,१५२ मेट-तास होतात. चाळीस वर्षांची सरासरी आठवड्याला १२१·७ मेट-तास येते. केवळ अखेरच्या वर्षाचा विचार केल्यास ती ८८·६ भरते. म्हणजे पूर्वायुष्यातील कष्ट हिशेबातून गळतात.

भारतीय अभ्यास : लखनौ, नागपूर, हैदराबाद व बंगलोर येथील चार कारखान्यांतील कामगार, त्यांचे जोडीदार व गावी राहिलेली भावंडे अशा ६,५१० व्यक्तींची २००५–०७ मध्ये पाहणी झाली. पुरुषांमध्ये मधुमेहाचे प्रमाण ग्रामीण गटात ६·२%, स्थलांतरितांत १४·३% व मूळच्या शहरी गटात १३·५% आढळले. शिरूर तालुक्यातील वढू येथील पाहणी-क्षेत्र २००५ मध्ये आशियातील नऊ केंद्रांच्या संयुक्त अभ्यासात सहभागी होते. तेथे जागतिक आरोग्य संघटनेची, नेहमीच्या आठवड्याविषयी विचारणारी प्रश्नावली वापरली होती. पुण्याजवळच्या सहा गावांतील गर्भवतींच्या अभ्यासात (१९९३ पासून) शेतीच्या व घरच्या अतिश्रमांचा संबंध नवजात बालकाच्या लहान आकारमानाशी दिसून आला. घरकाम वगळून केलेले गणित किती अपुरे ठरते, हे यावरून स्पष्ट होते.

मुक्त साधने : ज्या आज्ञावलीची मूळ संहिता कोणालाही वाचता, बदलता व वाटता येते, तिला मुक्त स्रोत आज्ञावली म्हणतात. न्यूझीलंडमधील रॉस इहाका व रॉबर्ट जंटलमन यांनी निर्मिलेली ‘आर’ ही सांख्यिकीय भाषा १९९५ पासून अशा परवान्याखाली उपलब्ध आहे. ‘पायथन’ ही दुसरी प्रचलित भाषा होय. तिच्या वा ‘आर’च्या साहाय्याने वयांतील विसंगती व आठवड्याला १६८ हून अधिक तास यांसारख्या चुका शोधणे, मेट-मूल्ये लावणे, वयोगटवार बेरजा करणे आणि त्यांचा रोगाशी संबंध तपासणे ही कामे क्रमाने करता येतात. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील ‘फॉसी’ प्रकल्प अशा साधनांचा प्रसार करतो.

या साधनांचा मुख्य लाभ खर्चातील बचत हा नसून गणिताची पडताळणी हा आहे. मेट-मूल्यांचे संकलन मुख्यतः पाश्चात्त्य देशांतील मोजमापांवर आधारलेले आहे. खुरपणी वा डोक्यावरून पाणी आणणे यांना कोणते मूल्य द्यावे, हा विश्लेषकाचा निर्णय असतो. वरील उदाहरणात शेतीला ५ ऐवजी ४ मेट धरल्यास एकूण बेरीज १०,०८० ने घटते. संहिता खुली असल्यास हा निर्णय दिसतो आणि दुसऱ्या संशोधकास तो बदलून निष्कर्ष टिकतो की नाही, हे पाहता येते. संहिता खुली ठेवली, तरी उत्तरदात्यांची ओळख मात्र गोपनीय राखावी लागते.

मर्यादा : जुन्या श्रमांचे स्मरण अचूक नसते आणि आज्ञावली ही उणीव भरून काढू शकत नाही. मेट-मूल्यात उष्णता, अवघडलेली स्थिती वा विश्रांतीचा अभाव यांचा समावेश होत नाही. फावल्या वेळातील व्यायाम हितकारक असला, तरी कामावरील जड श्रम तितकेच हितकारक असतात असे नाही, हे अनेक अभ्यासांत आढळले आहे. म्हणून तिन्ही क्षेत्रांच्या बेरजा एकत्र न करता स्वतंत्रपणे तपासणे इष्ट ठरते.