वरचा दात आधी आला म्हणून...

बाळाला वरचा दात आधी आला की घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या कपाळाला आठी पडते. 'मामाला जड!' म्हणतात. दात यायला उशीर झाला तर मात्र आधी सगळे धीर देतात; पण दीड वर्ष उलटले तरी हिरडी कोरीच, असे दिसले की बोट आईकडे वळते. पोटुशी असताना ग्रहणात काही चिरलेस का, हा प्रश्न आलाच! पोलादपूरच्या डोंगरातली वाडी असो की महाडची पेठ, अशा घरात मुलाच्या दुखण्याआधी आईचाच न्याय होतो.

कारण ग्रहणात नसते, पेशीत असते. डाउन सिंड्रोम असलेल्या बाळाच्या पेशींत एकविसाव्या क्रमांकाची गुणसूत्रे दोनाऐवजी तीन असतात. सातशे-आठशे जन्मांमागे असे एक बाळ जन्मते. त्याचा पहिला दात वर्षानंतर, कधी दोन वर्षांनी येतो आणि दातांचा क्रमही उलटापालटा होतो. मामा बिचारा त्यात कुठेच नाही! बहुतेक वेळा हा दोष वारशानेही आलेला नसतो. गुणसूत्रांची वाटणी होताना झालेली ती चूक असते.

या मुलांचे दात पुष्कळदा इतरांपेक्षा कमी किडतात आणि फसगत होते ती इथेच. कीड नाही म्हणून आपण निर्धास्त राहतो आणि हिरड्या मात्र लहान वयातच सुजून रक्ताळू लागतात, धडधाकट दिसणारा दात हलू लागतो. प्रतिकारशक्ती कमी, त्यात तोंडाने श्वास घेण्याची सवय. शिवाय जवळजवळ निम्म्या मुलांच्या हृदयात जन्मजात दोष असतो. हिरडीतले जंतू रक्तावाटे तिथे पोचू शकतात, म्हणून काही मुलांना दात काढण्याआधी प्रतिजैविक द्यावे लागते. हृदयाचे कागद दंतवैद्याला आधी दाखवावेत. मानेचे सांधेही सैल असू शकतात. खुर्चीत डोके जोराने मागे ओढू नये.

खरा वारसा पाहायचा तर सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबाचा. डार्विनने १८७५च्या आपल्या ग्रंथात त्याची नोंद केली आहे. चार पिढ्यांतल्या दहा पुरुषांना मोजकेच दात होते, अंगावर केस विरळ, उन्हाळ्यात कातडी कोरडी पडून हैराण. मुलींना त्रास नाही, पण त्यांच्यामार्फत तो त्यांच्या मुलांकडे जाई. असे मूल आजही जन्मते. घामच येत नसल्याने महाडच्या वैशाखात त्याला ओल्या फडक्याचा आधार लागतो. आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी कवळी बसवता येते, हे किती आईबापांना ठाऊक असते?

घरी करायचे ते फार अवघड नाही. मुलाचे डोके मांडीवर घेऊन मागच्या बाजूने मऊ ब्रश फिरवावा. तीन वर्षांपर्यंत फ्लोराइडची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी. फिट्सचे गोड सिरप पाजल्यावर पाणी द्यावे. फिट्सच्या काही औषधांनी हिरड्या वाढतात, तेव्हा डॉक्टरांना विचारावे, औषध परस्पर बंद करू नये. आणि आजीबाई, कृपा करून मशेरीचे बोट या हिरड्यांना लावू नका!

मूल तोंड उघडू देत नसेल तर भूल देऊन उपचार करावे लागतात. त्यासाठी मुंबईचे शासकीय दंत महाविद्यालय किंवा नायर दंत रुग्णालय गाठायचे, तर पोलादपूरच्या बाईचा रोजगार बुडतो आणि एसटीत दिवस जातो. म्हणूनच दुखणे लवकर ओळखायला हवे. २०१३च्या फेब्रुवारीत पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतल्यांची एकदा तपासणी ठरली आहे. त्यात डाउन सिंड्रोमही येतो आणि दातही. पुढे पाठवलेल्या मुलाचे उपचार मोफत असतात. पथक येणार त्या दिवशी लोकलज्जेने मुलाला घरी ठेवू नये. पथकातल्या डॉक्टरांनी नुसते वजन-उंची लिहून घेतली, तर आईने स्वतःच म्हणावे, "साहेब, याचे तोंडही बघा."