लीला राव यांचा विम्बल्डनवरील विजय

टेनिसचा निकाल वर्तमानपत्रात आकड्यांनी छापतात आणि आपण तो वाचून पान उलटतो. परंतु ४-६, १०-८, ६-२ हे आकडे जरा थांबून वाचण्याजोगे आहेत. १९३४ साली विम्बल्डनच्या पहिल्या फेरीत मुंबईच्या लीला राव यांनी इंग्लंडच्या ग्लॅडिस साउथवेल यांना याच गुणांनी हरविले. विम्बल्डनवर सामना जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत.

स्त्रियांच्या सामन्यात तिनांपैकी दोन सेट जिंकावे लागतात. पहिला सेट लीलाबाईंच्या हातून गेलेला. दुसरा गेला असता तर सारेच आटोपले असते. सहा गेम जिंकले, पण दोन गेमची आघाडी नाही, तर सेट पुढे चालूच. बरोबरी फोडणारा टायब्रेक विम्बल्डनवर आला तो १९७१ साली. तोवर एकाचा दम सुटेपर्यंत खेळावयाचे! हा सेट अठरा गेम चालला. तिसऱ्यात ६-२, कोणाचा दम सुटला होता हे सांगावयास नको. त्यातून मैदान हिरवळीचे. हिरवळीवर चेंडू टप्पा पडताच खालून सरपटत येतो. आपल्या मुरमाच्या टणक मैदानावर तो चांगला उसळतो. तेथे हाताची सवयच मोडावी लागते.

दुसऱ्या फेरीत फ्रान्सच्या इडा ॲडमॉफ यांनी त्यांना हरविले. १९३५ साली त्या पुन्हा गेल्या, पण पहिल्याच फेरीत परतल्या. विम्बल्डनच्या महिला दुहेरीचे अजिंक्यपद भारतीय स्त्रीला मिळावयास पुढे २०१५ साल उजाडले; सानिया मिर्झा यांनी ते मार्टिना हिंगिस यांच्या जोडीने मिळविले.

विद्वानांच्या घरात खेळाला थारा नसतो, अशी आपली एक समजूत आहे. आम्हां नागपूरकरांचीही आहे. लीलाबाईंचे आजोबा शंकर पांडुरंग पंडित हे तुकारामांच्या गाथेचे संपादक. आई पंडिता क्षमा राव यांनी गांधीजींच्या लढ्यावर ‘सत्याग्रहगीता’ हे संस्कृत काव्य रचले, आणि त्या स्वतः टेनिसही उत्तम खेळत. मुलीला रॅकेट आणि संस्कृत या दोन्हींचा वारसा एकाच घरातून मिळाला, असे आम्ही समजतो. राष्ट्रीय अजिंक्यपद अनेकदा मिळविणाऱ्या लीलाबाईंनी पुढे भारतीय नृत्यावर ग्रंथ लिहिला आणि आईच्या कथांवरून संस्कृत नाटिकाही रचल्या.